समर स्कूलचं नाव राहू द्या, तिथला मंगळवार कसा जातो ते विचारा

प्रश्न थोडक्यात असा. मुलगी अमेरिकेत दहावीत आहे, गणिताची ओढ आहे. येत्या उन्हाळ्यासाठी घरात तीन पर्याय घोळताहेत. पहिला, एका नामांकित विद्यापीठाच्या आवारातला दोन आठवड्यांचा प्री-कॉलेज कार्यक्रम, फी पाच हजार डॉलरच्या वर. दुसरा, सहा आठवड्यांचा निवासी गणित कार्यक्रम. त्याच्या अर्जासोबत आठ गणितं सोडवून पाठवायची आहेत आणि तिला आतापर्यंत तीनच सुटली आहेत. तिसरा, स्वतःच्याच शाळेत सहा आठवड्यांत प्रीकॅल्क्युलस (कॅल्क्युलसच्या आधीचा पायाभूत विषय) उरकायचं आणि अकरावीत थेट कॅल्क्युलस घ्यायचं. वडील विचारतात की कॉलेजच्या प्रवेशात यातल्या कशाचं वजन जास्त, तीनच गणितं सुटली असताना अर्ज करण्यात अर्थ आहे का, आणि शेवटी हळूच: "चौथं गणित मला सुटलंय. तिला थोडी दिशा दाखवू का?"

मी हायस्कूलला गणित शिकवतो. उन्हाळ्यात अशा निवासी कार्यक्रमांत आधी काउन्सेलर म्हणून, म्हणजे मुलांसोबत राहून त्यांना मदत करणारा म्हणून राहिलो, मग शिकवलं, काही वर्षं अर्ज वाचण्याचंही काम केलं. माझं झुकतं माप कुठे पडतं ते पुढे दिसेलच, पण तिन्ही पर्यायांबद्दल सांगतो.

आधी पहिला, कारण त्यात पैसा जास्त आणि गैरसमजही जास्त. विद्यापीठाच्या आवारात काही चालतं म्हणजे ते विद्यापीठाने मुलांना निवडून चालवलेलं असतं असं नाही. उन्हाळ्यात डॉर्म रिकामे असतात, वर्ग रिकामे असतात. काही कार्यक्रम विद्यापीठाचा उन्हाळी विभाग चालवतो, काही बाहेरची कंपनी नुसती जागा भाड्याने घेऊन चालवते. दोन्हीकडच्या माहितीपत्रकावर त्याच कमानीचा फोटो असतो. "आपल्या पाल्याची निवड झाली आहे" असं जाड कागदावरचं पत्र आलं तर मी आधी एकच विचारतो: निवड कशावरून केली? मुलीने काही लिहून पाठवलं नसेल, शिक्षकांचं पत्र गेलं नसेल, तर त्या निवडीचा अर्थ पत्ता मिळाला एवढाच.

आणि प्रवेशाचं म्हणाल, तर अशा कार्यक्रमाला हजेरी लावल्याने आमच्या पदवी प्रवेशात काही फायदा होत नाही, असं बऱ्याच विद्यापीठांनी स्वतःच आपल्या माहितीत लिहून ठेवलंय. लोक ते वाचत नाहीत, किंवा वाचूनही मानत नाहीत. अर्जात त्याची एक ओळ होते, आणि ती ओळ वाचणाऱ्याला तिची फी साधारण माहीत असते.

म्हणून हे कार्यक्रम टाकाऊ आहेत असं नाही. घरापासून दूर राहून बघायचंय, रूममेटशी जुळवून घ्यायचंय, शाळेत नसलेला विषय चाखून बघायचाय, तर दोन आठवडे छान जातात. पैसे जड नसतील आणि मुलीला स्वतःला जायचं असेल तर जाऊ द्या. फक्त प्रवेशाच्या खात्यात ती रक्कम मांडू नका.

तिसऱ्या पर्यायाबद्दल जरा सविस्तर बोलायला हवं, कारण तो स्वस्त आणि शहाणपणाचा वाटतो. अमेरिकन हायस्कूलमधलं एक पूर्ण क्रेडिट ज्याला म्हणतात त्याचा जुना हिशोब साधारण 120 तासांचा आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ठरलेलं ते कार्नेगी युनिट अजून बहुतेक शाळांच्या वेळापत्रकामागे उभं आहे. सहा आठवडे म्हणजे 30 दिवस, रोज चार तास धरले की 120 भरतात. कागदावर हिशोब चोख आहे. पण शाळेचं वर्ष साधारण 180 दिवसांचं असतं. म्हणजे उन्हाळ्यातला एक दिवस हा वर्षभरातल्या सहा दिवसांएवढा. मुलगी एक दिवस तापाने घरी राहिली तर तिचा एक आठवडा बुडाला, आणि दुसऱ्या दिवशी वर्ग पुढच्या प्रकरणावर गेलेला असतो.

तास भरतात, पण मुरायला वेळ मिळत नाही. त्रिकोणमितीची सूत्रं सोमवारी पाहिली, मंगळवारी वापरली आणि शुक्रवारी त्यावर परीक्षा दिली, की मुलांना वाटतं आलं. ऑक्टोबरमध्ये कॅल्क्युलसच्या वर्गात तेच सूत्र उलट्या बाजूने समोर येतं तेव्हा कळतं की ते आलेलं नव्हतं. मी स्वतः एकदा एका हुशार मुलाला असंच पुढे ढकललं. मार्क उत्तम आले. पुढचं वर्षभर तो मुलगा कॅल्क्युलसमध्ये कल्पनांशी नव्हे, बीजगणिताशी झगडत होता, आणि तो झगडा त्याच्या वाट्याला मी आणला होता. तेव्हापासून माझा नियम असा की ज्या विषयावर पुढचा विषय उभा राहतो तो उन्हाळ्यात घाईने उरकू नये. हेल्थ, शासनव्यवस्था, एखादा सक्तीचा पण सुटा कोर्स मात्र खुशाल उरका. त्याने अकरावीच्या वेळापत्रकात जागा मोकळी होते.

अपवाद आहे. तिने प्रीकॅल्क्युलसचा निम्मा भाग आधीच स्वतःहून वाचला असेल तर सहा आठवडे पुरतील. शाळेकडून मागच्या वर्षीचा अंतिम पेपर मागून घ्या, तिला घरी बसून सोडवू द्या. चाळीस टक्क्यांच्या आसपास जमलं तर विचार करा. ही टक्केवारी कुठल्या पुस्तकातली नाही, माझ्या अनुभवातली आहे.

कम्युनिटी कॉलेजमध्ये उन्हाळ्यात कोर्स घ्यायचा विचार कोणी सुचवला तर दोन गोष्टी ध्यानात असू द्या. तिथे मिळालेला ग्रेड हा कॉलेजचा ग्रेड असतो, आणि तो कायमचा मागे लागतो. पुढे मेडिकलला अर्ज करायची वेळ आली तर हायस्कूलमध्ये असताना घेतलेल्या कॉलेज कोर्सचंही ट्रान्सक्रिप्ट (अधिकृत गुणपत्रक) द्यावं लागतं. पंधराव्या वर्षीचा सी तेविसाव्या वर्षी समोर येऊन उभा राहिलेला मी पाहिलाय. दुसरं म्हणजे, कॉलेजात नाव घातलं की तिथल्या नोंदींवरचा हक्क मुलीचा होतो, वय काही असो. तुम्ही प्राध्यापकांना ईमेल केलात तर उत्तर बहुधा येणार नाही, आणि त्यात त्यांचा उद्धटपणा नसतो. कायदाच तसा आहे.

नापास झालेला विषय भरून काढायला समर स्कूल हा तर या शब्दाचा सगळ्यांना माहीत असलेला अर्थ. तुमचा प्रश्न तो नाही, म्हणून एवढंच सांगतो की त्यात लाजण्यासारखं काही नाही. वेळेत भरून काढलेलं बरं.

आता दुसरा पर्याय, जिथे माझा जीव अडकलाय.

निवासी गणित कार्यक्रमांचं एक घराणं आहे म्हणा ना. अर्नोल्ड रॉस या गणितज्ञांनी 1957 मध्ये नोत्र दाम विद्यापीठात एक उन्हाळी कार्यक्रम सुरू केला आणि पुढे ओहायो स्टेटला गेल्यावर तिथे नेला. साध्या गोष्टींचा खोल विचार करा, हे त्याचं ब्रीद. तिथे घडलेल्या मंडळींनी 1989 मध्ये बॉस्टन विद्यापीठात प्रॉमिस हा कार्यक्रम सुरू केला. मॅथकॅम्प हा कार्यक्रम 1993 चा, त्याची घडण वेगळी: मुलं रोज आपापले वर्ग निवडतात, हजेरीचा धाक नाही. पण या सगळ्यांमध्ये प्रवेशाचं दार सारखंच आहे. गणितं पाठवा, आणि नुसतं उत्तर नको, ते का खरं आहे ते लिहा.

तिथला मंगळवार कसा जातो ते सांगतो. रॉस किंवा प्रॉमिससारख्या ठिकाणी पहिल्या वर्षीच्या मुलांना नंबर थिअरी, म्हणजे पूर्ण संख्यांच्या गुणधर्मांचा अभ्यास असतो. सकाळी व्याख्यान, मग हातात एक प्रॉब्लेम सेट, आणि मग उरलेला सगळा दिवस तुमचा. त्यात समजा एक प्रश्न आहे: कोणत्या मूळ संख्या दोन वर्गांच्या बेरजेने लिहिता येतात? मुलं कागद घेऊन बसतात. 5 म्हणजे 1 आणि 4. 13 म्हणजे 4 आणि 9. 17 म्हणजे 1 आणि 16. 29 म्हणजे 4 आणि 25. 7 होत नाही, 11 होत नाही, 19 नाही, 23 नाही. तासाभरात कोणाच्या तरी लक्षात येतं की 4 ने भागल्यावर बाकी 1 उरते त्या संख्या जमतात, 3 उरते त्या जमत नाहीत. 2 चं प्रकरण वेगळं. आनंदीआनंद होतो. मग काउन्सेलर शांतपणे विचारतो: का?

जमत नाहीत ही बाजू सोपी आहे. कुठल्याही वर्गाला 4 ने भागलं की बाकी 0 किंवा 1 उरते, मग दोन वर्गांच्या बेरजेची बाकी 3 येणारच नाही. चांगली मुलगी अर्ध्या तासात इथवर येते. पण बाकी 1 उरणाऱ्या सगळ्या जमतातच, हे दाखवायला आठवडे जातात. फर्मा या गणितज्ञाने हे विधान 1640 मध्ये एका पत्रात लिहिलं, सिद्धता काही मागे ठेवली नाही. ती ऑयलर या गणितज्ञाला साधली, शंभरेक वर्षांनंतर. तेव्हा पंधरा वर्षांच्या मुलीला तीन आठवडे लागले तर तिने मान खाली घालायचं कारण नाही. ते तीन आठवडे हाच तर अभ्यासक्रम. रोज रात्री कोणीतरी तिचं कालचं लिखाण वाचून "इथे तू जे सिद्ध करायचंय तेच गृहीत धरलंयस" असं पेन्सिलीने लिहून परत देतो. तिच्या शाळेत हे कोणी करत नाही. मीही माझ्या वर्गात करू शकत नाही, कारण माझ्यासमोर तीस मुलं असतात आणि पन्नास मिनिटं.

फक्त गणितालाच हे लागू आहे असं समजू नका. समर सायन्स प्रोग्राम 1959 मध्ये कॅलिफोर्नियातल्या ओहाय इथे सुरू झाला, स्पुटनिकनंतरच्या त्या घाईच्या काळात. त्याच्या खगोलशास्त्राच्या शाखेत तीन-तीन मुलांचा गट रात्री दुर्बिणीतून एका लघुग्रहाची छायाचित्रं घेतो, शेजारच्या ताऱ्यांच्या आधाराने त्याचं स्थान मोजतो, आणि त्या मोजमापांवरून त्याची कक्षा काढणारा प्रोग्राम स्वतः लिहितो. पद्धत गाउस या गणितज्ञाची. 1801 च्या पहिल्या दिवशी पियाझी या खगोलशास्त्रज्ञाला सेरेस हा लघुग्रह सापडला, फेब्रुवारीनंतर तो सूर्याच्या उजेडात दिसेनासा झाला, आणि चोविशीतल्या गाउसने हातातल्या तुटपुंज्या निरीक्षणांवरून तो पुन्हा कुठे दिसेल ते सांगितलं. वर्ष संपायच्या दिवशी तो तिथे सापडला. मुलं तेच करतात, आणि त्यांची निरीक्षणं जगभरच्या लघुग्रहांची नोंद ठेवणाऱ्या मायनर प्लॅनेट सेंटरकडे जातात. ढग आले की रात्र वाया. ते ढगही अभ्यासक्रमात धरलेले असतात असं मी गमतीने म्हणतो.

एमआयटीत भरणारी रिसर्च सायन्स इन्स्टिट्यूट 1984 पासूनची, सहा आठवड्यांची. पहिला आठवडा वर्ग, मग पाच आठवडे मेंटॉरच्या हाताखाली संशोधन, शेवटी लेख आणि सादरीकरण. शिकणं, राहणं, खाणं सगळं मोफत. पण ती अकरावी पूर्ण केलेल्यांसाठी आहे, म्हणजे तुमच्या लेकीला पुढच्या वर्षी. वाचन-लेखनाची ओढ असलेल्या मुलांसाठी टेल्युराइड असोसिएशन 1954 पासून मोफत उन्हाळी सेमिनार चालवते. सगळ्यात अवघड दारांपैकी बरीच दारं मोफत आहेत, हे पालकांना उलटं वाटतं. फी आणि दर्जा यांचा इथे फारसा संबंध नाही. जिथे फी आहे तिथेही आर्थिक मदतीचा फॉर्म भरा, संकोच करू नका. मदत मागितल्याने निवडीवर परिणाम होतो का हे कार्यक्रमाला सरळ विचारता येतं.

व्हिसाचा एक मुद्दा, आपल्या लोकांसाठी. एच-4 वर, म्हणजे एच-1बी वर काम करणाऱ्याच्या कुटुंबाला मिळणाऱ्या व्हिसावर असाल तर मोफत किंवा मानधन देणाऱ्या कार्यक्रमांच्या अटी आधी वाचा. काहींना नागरिकत्व किंवा ग्रीन कार्ड लागतं. नासाच्या इंटर्नशिपला तर नागरिकत्वच लागतं. एच-4 वरच्या मुलांना काम करून मोबदला घेता येत नाही, त्यामुळे मानधनाचं स्वरूप काय आहे ते लेखी विचारून घ्या. निवड झाल्यावर हे कळलं की मुलांचा फार विरस होतो.

आता वजनाचा प्रश्न. कठीण प्रवेश असलेल्या कार्यक्रमांना वजन आहे, नाही म्हणणं खोटं ठरेल. पण "तिथली मुलं एवढी मोठ्या कॉलेजात जातात" या वाक्यात कारण आणि परिणामाची गल्लत आहे. ज्या मुलांनी ती आठ गणितं स्वतःहून महिनाभर डोक्यात वागवली, ती मुलं त्या उन्हाळ्यात घरी बसली असती तरी कुठेतरी पोचलीच असती. कार्यक्रम काय देतो तर सोबत. आयुष्यात पहिल्यांदा जेवणाच्या टेबलावर तिच्याइतकंच वेड असलेली सात जणं बसलेली असतात. अर्जाच्या दृष्टीने उपयोगाचं म्हणाल तर दोन गोष्टी हाती येतात: तिचं काम सहा आठवडे जवळून बघितलेल्या माणसाचं पत्र, आणि निबंधात लिहायला काहीतरी खरं. पैसे घेऊन "संशोधन" करवून देणारे आणि कुठल्याशा नियतकालिकात छापून आणणारेही हल्ली पुष्कळ झालेत. त्यांच्यापासून लांबच राहा. मुलीला त्या लेखावर चार प्रश्न विचारले की कागद आणि मूल यांच्यातलं अंतर दिसतं.

कुठल्याही कार्यक्रमाला फोन करून मी विचारतो ते असं: दुसऱ्या आठवड्यातल्या मंगळवारी दुपारी तीन वाजता माझी विद्यार्थिनी नेमकं काय करत असेल? कार्यक्रम चालवणारा माणूस उत्तर लगेच देतो, विकणारा माणूस माहितीपत्रक पाठवतो. मग विचारा, तिने लिहिलेलं कोण वाचतं आणि किती दिवसांत परत देतं. अडली तर रात्री दहाला कोणाचं दार ठोठावायचं. डॉर्ममध्ये मोठं कोण झोपतं. मध्येच परत यावं लागलं तर फीचं काय.

परत यायची वेळ सहसा येत नाही, पण घसरगुंडी येते. माझ्या अनुभवात ती नवव्या-दहाव्या दिवशी येते. शाळेत कायम पहिली असलेली मुलगी तिथे मधल्या फळीत असते, आणि हे तिला तोवर पुरतं कळलेलं असतं. रात्री रडका फोन येतो. त्या फोनवर न्यायला येतो म्हणू नका. ऐकून घ्या, उद्या पुन्हा बोलू म्हणा. काउन्सेलरला कळवा. दोन दिवसांनी फोन येतच नाही, आणि मग तुम्ही काळजी करता.

समजा कुठेच झालं नाही, तर सुट्टी वाया जाईल का? उन्हाळ्यात मुलं शिकलेलं विसरतात हे हॅरिस कूपर या संशोधकांच्या 1996 च्या आढाव्यामुळे सर्वतोमुखी झालं. सरासरी महिनाभराचं नुकसान, वाचनापेक्षा गणितात जास्त, असं त्यात होतं. पुढे पॉल फॉन हिप्पेल या संशोधकांनी दाखवलं की त्या जुन्या आकड्यांतला काही भाग परीक्षा ज्या पद्धतीने मोजल्या जात होत्या तिचाच खेळ होता. तेव्हा घाबरून काहीतरी भरायचं म्हणून भरू नका. नंबर थिअरीचं एक चांगलं पुस्तक, आठवड्याला एकदा कोणीतरी तिची सिद्धता वाचणारं, आणि बाकी वेळ झोप व पोहणं, हाही उन्हाळा वाईट नाही.

माझा सल्ला: दुसऱ्या पर्यायाला अर्ज करा. तिसऱ्यासाठी शाळेत जागा राखून ठेवायला हरकत नाही, पण वर सांगितलेला पेपर सोडवून बघितल्यावरच. पहिल्याचे पैसे तूर्त भरू नका.

तीन गणितं सुटली, हे कमी नाही. अर्ज वाचताना आम्ही आठपैकी आठ मोजत नव्हतो. दोन गणितं नीट, कुठेही उडी न मारता लिहिलेली, आणि तिसऱ्यात "मला इथपर्यंत आलं, पुढे हे करून बघितलं, ते या कारणाने चाललं नाही" असं प्रांजळ पान, असा अर्ज आम्ही बाजूला काढून ठेवायचो. आठही उत्तरं बरोबर पण सगळी तीन-तीन ओळींत, असा अर्ज आला की शंका यायची. तेव्हा उरलेल्या पाच गणितांची पानं कोरी सोडू देऊ नका. लहान आकड्यांवर करून पाहिलेला तक्ता, दिसलेला नमुना, फसलेला प्रयत्न, सगळं पाठवू द्या. मुदत बहुतेक ठिकाणी वसंताच्या तोंडाशी असते, नक्की तारीख आजच बघा. शिक्षकांना पत्रासाठी किमान तीन आठवडे आधी सांगा, आम्ही विसरभोळे असतो.

राहिलं चौथं गणित. नाही, दिशा दाखवू नका. अर्जात बहुधा लिहून द्यावं लागतं की मदत कोणाची आणि किती घेतली, आणि तिथे "बाबा" लिहावं लागलं तर तिलाच कसंसं होईल. शिवाय ती आत्ता ज्या जागी अडली आहे ती जागा तिच्याकडून काढून घ्यायचा हक्क तुम्हाला नाही. तुम्हाला ते सुटलंय हे अर्ज गेल्यावर सांगा, तेही तिने आधी विचारलं तर.